कुणाला लागलंय का?

२०२५ च्या भाऊबीजेची रात्र. बहिणीकडून जेवून परत येत होतो. संध्याकाळी एक सर येऊन गेली होती, त्यामुळे रस्त्यावर जिथे चकाकतंय तिथे पाणी आहे एवढंच कळत होतं, खाली किती खोल आहे ते नाही. आमच्या उड्डाणपुलाच्या उतारावर पुढचं डावं चाक अशाच एका चकाकीत गेलं आणि असा दणका बसला की मागे झोपलेली पोर दचकून रडायलाच लागली. पन्नास पावलांवर गाडी कडेला घेतली. टायर पार बसला होता. रिमची कड आत वळली होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये आकडा कळला. टायर, रिम, लोअर आर्म आणि अलाइनमेंट मिळून सतरा हजार चारशे रुपये. "साहेब, त्या उतारावरची या महिन्यातली ही चौथी गाडी," मेकॅनिक म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. का असावी?

विम्याचं म्हणाल, तर पॉलिसी काढून जरा वाचा एकदा. मीही त्या दिवशीच पहिल्यांदा वाचली. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काहीच मिळत नाही. गाडीचं दुसरं काही मोडलं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. आणि एक दावा केला की इतकी वर्षं जपलेला नो क्लेम बोनस गेला. म्हणजे महापालिकेचा खड्डा, गाडी माझी आणि दंडही मलाच.

तेव्हा ठरवलं, ज्याचा खड्डा त्याच्याकडेच पैसे मागायचे. साधा अर्ज लिहिला. खड्ड्याचे फोटो जोडले, फूटपट्टी उभी धरून काढलेले. बिल जोडलं. सोमवारी, २७ ऑक्टोबरला, सुट्टी टाकून प्रभाग कार्यालयात गेलो. कनिष्ठ अभियंता साइटवर होते. (ते नेहमी साइटवर असतात. साइटवर जावं तर ऑफिसात असतात. असो.) समोरच्या कारकुनाने अर्ज वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "कुणाला लागलंय का?"

"नाही."

"मग?"

या 'मग?'ने मला जितकं सुन्न केलं तितकं त्या खड्ड्यानेही केलं नव्हतं. पण कारकुनाला दोष देऊन उपयोग नाही. तो नियमाला धरूनच बोलत होता. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, १३ ऑक्टोबरला, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला होता. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणी मेलं तर वारसांना सहा लाख, जखमी झालं तर दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख. त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. हे पैसे नंतर जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करायचे. हे प्रकरण २०१३ पासून चालू आहे. तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना खड्ड्यांबद्दल पत्र लिहिलं आणि न्यायालयाने स्वतःहून ते जनहित याचिका म्हणून घेतलं. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हेही याच प्रकरणात सांगून झालं. निकालाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट, उशिरा का होईना, कुणीतरी किंमत लावली.

माझं भांडण आपल्या सगळ्यांच्या त्या 'मग?'शी आहे. माणूस मेला तर बातमी, हात मोडला तर अर्ज, आणि रिम वाकली तर 'कुठे पैसे खर्च करतोस, सोडून दे'. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनी मला हाच सल्ला दिला. मला वाटतं नेमकं इथेच आपलं चुकतं. कुठलाही खड्डा पहिल्याच दिवशी माणूस मारत नाही. आधी तो टायर फोडतो, रिम वाकवतो, रिक्षाचा पाटा तोडतो. महिनाभर तो ओरडून सांगत असतो की मी इथे आहे. ही हाक ऐकायला कुणी बसवलेलंच नाही, कारण तिची किंमत शून्य आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये आकडा आला होता: २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं गेली. त्या प्रत्येकाच्या आधी त्याच खड्ड्यात किती चाकं गेली असतील याचा आकडा कुणाकडेच नाही. तो कुणी मागितलाच नाही.

इंग्लंडची गंमत सांगतो. तिथेही पूर्वी कायदा असा होता की रस्ता खात्याने काही चुकीचं केलं तर ते जबाबदार, पण काहीच केलं नाही तर जबाबदार नाही! म्हणजे खड्डा खणून ठेवला तर गुन्हा, पडलेला तसाच सोडला तर माफी. ही माफी त्यांनी १९६१ च्या कायद्याने काढून टाकली. आता तिथे १९८० चा हायवेज अ‍ॅक्ट आहे. त्याच्या ४१व्या कलमाप्रमाणे रस्ता नीट ठेवणं हे कौन्सिलचं कर्तव्य. गाडीचं नुकसान झालं तर कौन्सिलकडे भरपाई मागता येते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कारमध्ये बसलेल्याचं नखही दुखलेलं नसलं तरी.

आता तिथली कौन्सिलं काही धर्मादाय संस्था नाहीत. ५८वं कलम त्यांना सुटायची वाट देतं: आम्ही रस्त्याची वाजवी काळजी घेत होतो हे सिद्ध केलं की पैसे द्यावे लागत नाहीत. कितीतरी दावे असेच फेटाळले जातात. माझ्या मावसभावाचाही आधी फेटाळला होता. त्याने शांतपणे तपासणीची नोंदवही मागवली. त्यात सापडलं की त्याच खड्ड्याची तक्रार नऊ दिवस आधी आली होती आणि कुणी फिरकलं नव्हतं. टायरचे पैसे आले.

पण मला भावलं ते हे की सुटण्यासाठीसुद्धा तिथे वही लिहावी लागते. रस्ता कधी पाहिला, काय दिसलं, कधी बुजवला, सगळं तारीखवार. दावा जिंका की हरा, वही तयार होते. आणि वही लिहायची तर कुणीतरी रस्त्यावरून चालत जावंच लागतं.

न्यूयॉर्कमध्ये तर याहून मजा झाली. १९७९ मध्ये शहराने नियम केला की खड्ड्याची लेखी सूचना आधी मिळाली असेल तरच आम्ही जबाबदार. हा नियम शहराची सुटका करायला होता. त्यावर वकिलांनी १९८२ मध्ये एक संस्थाच काढली. तिची माणसं शहरभर फिरून खड्डे आणि फुटलेले फुटपाथ नकाशावर मांडायची आणि नकाशे पालिकेला द्यायची. घ्या लेखी सूचना! वकिलांना स्वतःची फी दिसत होती हे उघड आहे. पण नकाशा तयार झाला तो त्यामुळेच.

तुम्ही म्हणाल, भरपाई शेवटी आपल्याच करातून जाणार. खरं आहे. पण आत्ता ती कुणाच्या खिशातून जाते आहे? माझ्या, आणि त्या चौथ्या गाडीच्या आधीच्या तिघांच्या. ठेकेदाराच्या करारात दोषदायित्वाची वर्षं लिहिलेली असतात. त्या मुदतीत फुटलेल्या रस्त्यावरचं बिल त्याच्याकडे पाठवायला काय हरकत आहे? दुसरा आक्षेप, खोटे दावे येतील. येतील की. विम्यात येत नाहीत? म्हणून कुणी विमा बंद केलेला नाही. तिसरा आक्षेप मला जरा लागतो: गाडीवाल्यांचं कौतुक कशाला. मान्य, गाडीवाला पायी चालणाऱ्यापेक्षा सुखी आहे. पण रिक्षावाल्याला आणि टेम्पोवाल्याला हाच प्रश्न विचारून बघा. त्याचं एक चाक म्हणजे चार दिवसांची कमाई असते.

आपल्याकडे दिवाणी दावा लावता येतो, नाही असं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ४८७व्या कलमाप्रमाणे आधी नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचं आणि सहा महिन्यांच्या आत कोर्टात जायचं. वकील मित्राला विचारलं. त्याने कागदावर हिशेब मांडला आणि कागद हसत माझ्याकडे सरकवला. सतरा हजारांसाठी कुणी कोर्टात जात नाही हे महापालिकेलाही पाठ आहे.

त्या दिवशी मी कारकुनाला म्हटलं, भरपाई देऊ नका, पण अर्ज घ्या आणि पोच द्या. त्याने थोडा विचार केला, मग शिक्का मारला. तारीख उमटली. पुढच्या आठवड्यात खड्ड्यात पेव्हर ब्लॉक टाकले गेले. दहा दिवसांत ते निघून रस्त्यावर पसरले.

२१ नोव्हेंबरला पहाटे त्याच उतारावर, डबे पोचवणाऱ्या एक बाई स्कूटरवरून पडल्या. मनगट मोडलं, दोन ठिकाणी. मेकॅनिककडून पत्ता काढत त्यांचा भाऊ घरी आला. "तुम्ही आधी तक्रार केली होती म्हणे. त्याची पोच आहे का?"

होती. कोपऱ्यावर जाऊन दोन झेरॉक्स काढून दिल्या, एक समितीच्या अर्जाला लावायला आणि एक जवळ ठेवायला. तो शिक्क्यावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत होता. पंचवीस दिवस, असं स्वतःशीच म्हणाला. माझ्या अर्जाला उत्तर आलं का, असंही त्याने विचारलं. नाही म्हटलं. मूळ कागद मात्र मी माझ्याकडेच ठेवला.