तांब्याची श्रीमंती

जुनी नाणी जमविण्याचा छंद म्हटला, की मनुष्याला प्रथम आठवतो तो सोन्याचा होन, आणि दुसऱ्या क्षणी आठवतो स्वतःचा पगार! मग छंद मनातल्या मनातच जिरतो. माझे सांगणे एवढेच, की होनाचा नाद सोडावा आणि शिवराईच्या मागे लागावे. तांब्याचे हे नाणे गोरगरिबांसाठी निघाले होते. आजही ते बेताच्या प्राप्तीच्या माणसाला परके नाही.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराजांच्या शिवराईवर एका अंगास तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगास दोन ओळींत 'छत्र पति' अशी अक्षरे आहेत. पुढे महाराज गेले, पेशवाई आली, तीही बुडाली. पण नाण्यावरचा मजकूर बहुतांशी तोच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही खेड्यापाड्यांत शिवराई चालत होती. साहजिकच खुद्द महाराजांच्या वेळची शिवराई दुर्मीळ आणि महाग. पण नंतरची साधी शिवराई परवाना असलेल्या विक्रेत्याकडे काहीशे रुपयांत मिळते. चौघांच्या कुटुंबाने एकदा खाणावळीत जेवावे, तर याहून अधिक खर्च होतो.

स्वस्त म्हणजे हलके, असे मात्र समजू नये. चीनमध्ये ६२१ साली चौकोनी भोकाचे, चार अक्षरांचे एक नाणे निघाले, आणि पुढे तेराशे वर्षे तोच घाट चालला. तिथली हजार वर्षांची नाणीसुद्धा स्वस्तात मिळतात, याचे कारण ती अमाप ओतली गेली. पुष्कळ हातांतून फिरलेली वस्तूच पुष्कळांना मिळू शकते.

चिनी नाणे साच्यात ओतीत, म्हणून त्याची चारही अक्षरे सहसा पुरी उमटतात. आपली शिवराई हातोड्याच्या घावाने पाडलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. त्यामुळे एकीवर 'श्री' कापलेली, तर दुसरीवर 'शिव' अर्धवट. एक शिवराई घेऊन बसणाऱ्याला मजकूर पुरा वाचता येत नाही. सात-आठ साध्या शिवराया शेजारी शेजारी मांडा, म्हणजे एकीत गेलेले अक्षर दुसरीत सापडते. थोडक्या पैशांत जमविणाऱ्याला हा लाभ आहे. एकाच देखण्या नाण्यावर सारी पुंजी ओतणाऱ्याला तो नाही.

मराठीच्या अध्यापकाला तर ही मेजवानीच! कुठे 'शिव', कुठे 'सिव'. 'पति'ची वेलांटी कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. वर्गात मी यावर तांबडी पेन्सिल चालविली असती. इथे मात्र भिंग घेऊन ठसा खोदणाऱ्याचा हात ओळखू पाहतो. महिपतीचे संतचरित्र इंग्रजीत नेणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी याच वेडापायी सुमारे २५,००० शिवराया नजरेखालून घातल्या होत्या.

आमच्या या किनारपट्टीला तर शिवराईचे माहेरच म्हणावे. १७४४ साली नानासाहेब पेशव्यांनी नागोठण्याच्या बाळाजी बापूजीला टांकसाळ घालण्याची परवानगी दिली. पैसा दहा मासे वजनाचा, मुदत तीन वर्षांची, आणि सरकारला द्यायची रक्कम पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ७५, तिसऱ्या वर्षी १०० रुपये. रेवदंड्यालाही अशीच परवानगी मिळाली. नागोठण्याच्या फाट्यावर मोटार थांबली, की हे मला हटकून आठवते.

आरंभ करणाऱ्याने चार गोष्टी सांभाळाव्यात. नाणे चिंचेने घासू नये. काळसर-हिरवा थर हेच त्याचे वय, आणि तो गेला की किंमतही गेली. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर फिकट हिरवी भुकटी धरते, म्हणून नाणे कोरड्या डबीत, ओल शोषणारी पुडी घालून ठेवावे. प्रत्येकाबरोबर कागदाची चिठ्ठी असावी: कुठून, केव्हा, केवढ्याला. आणि गडावर किंवा शेतात नाणी सापडली, तर ती खिशात घालू नयेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कायदा बाजूला ठेवला, तरी जिथले नाणे तिथून हलले, की त्याची अर्धी हकीकत मातीतच राहते.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या तबकात रुपयाशेजारी एखादी शिवराई ठेवून पाहा. मुले विचारतील, तेव्हा त्यांच्याकडूनच अक्षरे लावून घ्या. फक्त ओले हळदकुंकू तिला वाहू नका, नमस्कार पुरे!