कपाटातील सूक्ष्मदर्शक



आपल्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक यंत्रे तपासणीच्या दिवशी बाहेर येतात व संध्याकाळी पुन्हा कुलपात जातात. दोष कुणाला देऊ? किल्ली माझ्याकडेच असते.

मागे वर्गात परोपजीवींचा धडा घेताना (आमच्या हिंदी पुस्तकात ‘परजीवी’ होते, अजून तोच शब्द तोंडात येतो) मी नारूबद्दल विचारले. एकालाही ठाऊक नव्हते. आनंदाचीच गोष्ट! माझ्या लहानपणी मात्र माळव्यात, विशेषतः झाबुआ-धारकडे, नारू सर्वांच्या परिचयाचा होता. आमच्या शेतावरील एका मजुराच्या घोट्यातून पांढरा दोरा निघाला होता. तो काडीवर रोज बोटभर गुंडाळीत असे. घाईने ओढला आणि तुटला, की पाय सुजून महिनोन्‌महिने खाट धरावी लागे.

एवढा हातभर जंत सर्वांना दिसत होता, पण तो अंगात शिरतो कसा, हे दिसत नव्हते. १८७० मध्ये फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने मध्य आशियात सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की नारूची पिल्ले पाण्यातील सायक्लोप्स या ठिपक्याएवढ्या जीवाच्या अंगात वाढतात. ते पाणी माणूस पितो, पोटात सायक्लोप्स मरतो, पिल्ले सुटतात आणि वर्षभराने मादी पायातून बाहेर येते. आग शमवायला माणूस बावडीत पाय बुडवतो, की पुन्हा हजारो पिल्ले पाण्यात! मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) डॉ. तर्खड यांनीही १९१३ च्या सुमारास नारूचा अभ्यास केला.

नारूवर लस नाही, मारक औषधही नाही. तरी पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या बावड्या बंद करणे, पाण्यात सायक्लोप्सनाशक टाकणे, एवढ्यावर तो गेला. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.

आणि आम्ही हे सारे बाणांच्या आकृतीत बसवून पाच गुणांसाठी पाठ करून घेतो!

यापुढे दर शनिवारी कपाट उघडे राहील. पालकांनी क्षीरसागर किंवा विष्णुसागरचे बाटलीभर पाणी स्वतः भरून पाठवावे. मुलांना काठावर एकटे धाडू नये. एकच डोळा आणि दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या असलेली सायक्लोप्सची मादी जो प्रथम शोधील, त्याने मला बोलवावे. मीही ती आजवर चित्रातच पाहिली आहे.

विश्वस्त मंडळास एक विनंती : एखादी काच फुटलीच, तर भरपाई मुलांकडून घेऊ नये.