परक्याची वाटी

मनुष्याची परीक्षा त्याच्या पोशाखावरून अथवा भाषणावरून करावी असे पुष्कळांचे मत आहे. परंतु माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे, परक्याने आपल्यापुढे वाटी ठेवली असता आपली मुद्रा कशी होते, यावरून ती परीक्षा अधिक खात्रीने होते. वाटीतील पदार्थ खावा की न खावा हा ज्याच्या त्याच्या रुचीचा व आचाराचा प्रश्न आहे. नाक मुरडावे की नाही, हा मात्र शीलाचा प्रश्न आहे. या परीक्षेत मी स्वतः एकदा नापास झालो, आणि ज्याची क्षमा मागावयाची तो मला पुन्हा भेटला नाही. ती हकीकत सांगून त्यावरून जे मत बनले ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या धाकट्या भावाकडे सिंगापूरला जाण्याचा योग आला. त्या शहरातील दर चार माणसांत सुमारे तीन चिनी वंशाची आहेत. तेथील चायनाटाउन भागात साऊथ ब्रिज रोड नावाचा रस्ता आहे. त्यावर १८२७ साली स्थापन झालेले मारियम्मनचे मंदिर आणि १८२६ सालची जामे मशीद ही थोड्याच पावलांच्या अंतरावर उभी आहेत, आणि भोवती चिनी लोकांची दुकाने आहेत. एके दिवशी सकाळी माझी पुतणी मला म्हणाली, "काका, आज न्याहारी घरी नको, तुम्हाला एक गंमत दाखवते." असे म्हणून तिने मला त्या भागातील एका बोळातल्या लहानशा दुकानात नेले. दुकान कसले, आपल्याकडील रसवंतीगृहाएवढी जागा! दोन मेजे, सहा तिवया, आणि मागे वाफाळणारी भली मोठी पातेली. एक वृद्ध जोडपे ते दुकान चालवीत होते.

तेथे एकच पदार्थ मिळत असे. सोयाबीनच्या दुधाचा तो ताजा, मऊ खरवस. सिंगापुरात त्यास 'ताऊ ह्वे' म्हणतात. खरवस हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण रंगाने, थरथरीने आणि जिभेवर विरघळण्याच्या गुणाने तो पदार्थ हुबेहूब आपल्या चिकाच्या खरवसासारखा असतो. आदल्या रात्री सोयाबीन भिजत घालतात, पहाटे पाणी घालून ते बारीक वाटतात, आणि वाटण फडक्यातून गाळून निघालेले दूध चांगले उकळतात. ही उकळी महत्त्वाची; कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात, ती उष्णतेने निकामी होतात. मग दुसऱ्या भांड्यात थोडे खाण्यायोग्य जिप्सम पाण्यात कालवून ठेवतात व त्यावर ते कढत दूध एकदम उंचावरून ओततात. झाकण घातल्यावर त्यास कोणी हात लावावयाचा नाही. हलविले की ते फाटलेच. थोड्या वेळात दूध जमून येते. नंतर पसरट पळीने त्याचे पातळ पातळ पापुद्रे वाटीत घालून वर साखरेचा पाक सोडतात. दक्षिण चीनमध्ये हा पदार्थ असा गोड खातात व उत्तरेत खारट. सोयाबीनच्या दुधापासून असा पदार्थ करण्याची युक्ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ल्यू आन नावाच्या राजपुत्राने काढली, अशी चिनी लोकांची परंपरा सांगते.

आता माझी कथा. वाटी पुढे आली आणि माझा हात आखडला. पुतणीच्या देखत नको म्हणता येईना, आणि चमचाही उचलेना. परक्या देशातील परक्या माणसाच्या हातचा हा पांढरा, डळमळणारा गोळा. यात काय असेल आणि काय नसेल, असा विचार माझ्या चेहऱ्यावर उमटला असला पाहिजे. ती म्हातारी काही क्षण माझ्याकडे पाहत राहिली. मग मेजाजवळ येऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने मला सांगितले की यात मांस नाही, अंडे नाही, दूधही नाही. केवळ शेंगांचे दाणे, पाणी आणि साखर आहे. इतकेच सांगून ती थांबली नाही. आत जाऊन तिने मूठभर भिजविलेले सोयाबीन आणले व माझ्यापुढे तळहात पसरून दाखविले. तिच्या मुद्रेवर राग नव्हता, की उपहासही नव्हता. पाहुण्याच्या मनात शंका आली आहे, ती फेडणे आपले काम आहे, एवढाच भाव होता.

ते दाणे पाहून मला लाज वाटली. ते तर आपल्या राहुरी-श्रीरामपूरच्या शिवारातले दाणे! पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची शेते दूरवर पसरलेली असतात. त्यांतील तेल गाळून आपण घेतो, पेंड कोंबड्यांना जाते, आणि हा दाणा मनुष्याने पोटभर खावा असा आहे हे आपल्या घरात क्वचितच कोणाला ठाऊक असते. त्यात शंभर भागांत जवळजवळ चाळीस भाग प्रथिने असतात. बडोदे संस्थानातील एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनचा आहारातील उपयोग, लागवड व पाककृती यांवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. गांधीजींच्या सहकाऱ्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत त्याच सुमारास त्याचे प्रयोग केले होते. तरीही माझ्यासारखा शिकलेला मनुष्य आपल्याच शेतातील धान्याकडे, ते चिनी हाताने पुढे केले म्हणून, संशयाने पाहत होता. मी ती वाटी संपविली. पदार्थ उत्तम होता. परंतु घशाखाली उतरताना त्याबरोबर दुसरीच एक आठवण वर आली, आणि ती कडू होती.

आपल्या नगरात लष्कराची मोठी ठाणी असल्यामुळे देशाच्या सर्व भागांतील मुले येथील शाळांत येतात. त्याच वर्षी माझ्या वर्गात पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशातील एक मुलगा होता. त्याचे डोळे बारीक व चेहरा चपटा असल्याने इतर मुले त्यास 'चिनी' म्हणून हाक मारीत. मधल्या सुटीत तो आपला डबा एकटाच, जिन्याखाली बसून खाई. त्यात आंबवलेल्या पाल्याची भाजी असे, तिच्या वासावरून मुले नाक धरीत. हे सर्व मी दोन-तीन वेळा ओसरीतून जाताना ऐकले होते, पाहिलेही होते. मुलांची थट्टा आहे, आपोआप मिटेल, असे मनाशी म्हणून मी पुढे गेलो. ज्या म्हातारीचे माझ्याशी काही नाते नव्हते तिने माझ्या एका संकोचासाठी आपले काम सोडून दाणे आणून दाखविले. आणि जो मुलगा माझ्या हवाली केलेला होता त्याच्यासाठी मला दोन पावले वळवेना! जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी हजेरीपटात त्याचे नाव शोधले. वडिलांची बदली झाल्याने तो निघून गेला होता.

पालकहो, यात केवढी विसंगती आहे ती पहा. दुपारी 'चिनी' ही शिवी म्हणून वापरणारी हीच मुले सायंकाळी चायनीजच्या गाडीवर मांचुरियन मोठ्या आवडीने खातात. हा पदार्थ १९७५ च्या सुमारास कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने मुंबईत प्रथम केला, असे सांगतात. आपला सकाळचा चहा चीनचा, आणि 'चहा' हा शब्दही मूळचा चीनचाच. आजीचे लोणचे वर्षभर टिकते ते चिनी मातीच्या बरणीत. ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून येथे आली. म्हणजे परक्याचा पदार्थ आपल्याला चालतो, परक्याचे भांडे चालते. फक्त परका समोर येऊन बसलेला चालत नाही.

आम्हा नगरच्या ख्रिस्ती मंडळींना तर अशा वागणुकीचा अधिकार मुळीच नाही. आमच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. माझे आजोबा सांगत की त्यांच्या लहानपणी गावातील चहाच्या दुकानाबाहेर एका कोनाड्यात त्यांच्या वस्तीसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. ती आपण उचलावयाची, चहा वरून ओतून घ्यावयाचा, व पिऊन झाल्यावर स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवावयाची. पैसे मात्र तेवढेच पडत. ती कपबशी ज्यांच्या घरात आठवणीत आहे त्यांच्या मुलांनी दुसऱ्याच्या डब्यावर नाक धरावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती? मिशनच्या शाळा व वसतिगृहे या जिल्ह्यात निघाली तेव्हा एका बाकावर बसणे व एका पंक्तीत जेवणे हाच त्यांतील सर्वांत कठीण धडा होता. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपले सोवळेओवळे कसे हळूहळू सुटले ते मोठ्या प्रांजळपणे सांगितले आहे. ते एका दिवसात सुटले नाही. प्रेषित पेत्राचेही तसेच. यापो येथे भूक लागलेली असता त्यास दृष्टांत झाला, त्यात आकाशातून उतरलेल्या चादरीत सर्व प्रकारचे प्राणी होते. त्याने ते खाण्यास तीन वेळा नकार दिला, आणि त्या दृष्टांताचा अर्थ त्यास तेव्हाच कळला जेव्हा परराष्ट्रीय शताधिपती कर्नेल्याची माणसे दाराशी येऊन उभी राहिली. तो प्रश्न अन्नाचा नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या माणसांचा होता.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, चीन आपला शत्रू आहे. १९६२ चे युद्ध विसरावे काय? २०२० साली गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले ते विसरावे काय?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, विशेषतः आपल्यासारख्या लष्करी ठाण्याच्या गावी तर नाहीच. ते कदापि विसरू नये. परंतु राज्याशी असलेले वैर माणसाच्या चेहऱ्यावर उतरविले म्हणजे काय होते, हेही त्याच १९६२ सालाने दाखविले आहे. त्या वेळी आसाम, बंगाल इत्यादी भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, स्त्रिया व मुले धरून, आगगाडीने राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले, आणि काहींना तेथे कित्येक वर्षे राहावे लागले. त्यांच्यावर खटला नव्हता. त्यांचा अपराध वंशाचा होता. ज्या गावच्या किल्ल्यात १९४२ साली पंडित नेहरूप्रभृती नेते विनाचौकशी बंदीत पडले होते, त्या गावच्या लोकांना विनाचौकशी कैदेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. आणि २०२० साली कोरोनाच्या साथीत ईशान्येकडील आपल्याच देशबांधवांना शहरोशहरी त्या रोगाच्या नावाने हाका मारण्यात आल्या. गलवानच्या डोंगरात पहारा करणाऱ्या जवानांत अशाच बारीक डोळ्यांचे जवानही आहेत, याची त्या हाका मारणाऱ्यांना शुद्ध नव्हती.

उलट उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले. तेथील जखमींची सेवा करीत, तेथीलच परिचारिकेशी विवाह करून, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये ते तेथेच मरण पावले. परक्यांचे अन्न खाऊन परक्यांच्या मुलांना जगविणारा हा मराठी मनुष्य त्या देशात आजही आदराने स्मरला जातो. सरकारांचे संबंध बिघडले म्हणून त्यांच्या थडग्यावरील फुले थांबली नाहीत.

दुसरा आक्षेप रुचीचा. "आवडत नाही ते खावे अशी सक्ती आहे काय?" मुळीच नाही. कोणी शाकाहारी असेल, कोणी उपवासाचा असेल, कोणास एखादा वास सोसत नसेल. त्याने नम्रपणे नको म्हणावे. नकार आणि तिरस्कार या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या म्हातारीने माझी शंका तिरस्काराने झिडकारली नाही. तसेच आपणही दुसऱ्याचे अन्न न खाता त्याचा मान राखू शकतो.

तेव्हा माझ्या विनंत्या थोड्याच आहेत. विद्यार्थीमित्रांनो, कोणास त्याच्या चेहऱ्यावरून अथवा डब्यावरून नाव ठेवू नका. जिन्याखाली कोणी एकटा जेवत असेल तर आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा. बोलणे सुचले नाही तरी चालेल. पालकहो, ही नावे मुले शाळेत शोधून काढीत नाहीत. ती घरातील जेवणाच्या वेळी ऐकतात. तेवढी आपली जीभ सांभाळावी. आणि माझ्या शिक्षकबंधुभगिनींनो, ओसरीतून जाताना असे काही कानी पडले तर पुढे जाऊ नका, थांबा. मी थांबलो नाही.

आमच्या गावी गाय व्याली म्हणजे चिकाचे दूध शेजारीपाजारी वाटण्याची रीत आहे, आणि ज्या भांड्यातून ते आले ते भांडे रिकामे परत करीत नाहीत. निदान चार दाणे तरी त्यात घालतात. सिंगापूरच्या त्या दुकानातील वाटी मी रिकामी करून परत दिली. तिच्यात घालावयाचे दाणे मी आता येथे, माझ्या वर्गात, घालीत आहे. तो मुलगा आज कोणत्या गावच्या शाळेत आहे मला माहीत नाही. तेथे त्याच्या शेजारी कोणीतरी डबा उघडून बसत असेल, अशी प्रभूजवळ माझी प्रार्थना आहे.