टीसीच्या पुढचे पान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे ठाकतात, गोटमार म्हणजे एकमेकांवर दगडफेक होते, आणि दिवस मावळता मावळता जखमींचा आकडा प्रशासनाकडे तयार असतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो वाचायलाही मिळतो. मोजायचे मनात आणले की मोजता येते, एवढ्यापुरतेच हे उदाहरण. त्याच पांढुर्ण्यात आणि शेजारच्या सौंसरमध्ये दहावी-बारावी करून, किंवा ती अर्धवट टाकून, शाळेबाहेर पडलेली अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुले वर्षभराने काय करीत असतात, हा प्रश्न मात्र शाळेच्या तक्त्यात येत नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाचा तक्ता बारावीला संपतो. शाळेच्या स्कॉलर रजिस्टरमध्ये नावासमोर टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, दिल्याची तारीख पडते आणि पान उलटते.

माझे म्हणणे असे की दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा हिशेब त्या तारखेपाशी मिटवता येत नाही. शाळा सोडून वर्ष झाल्यावर त्या मुलाची विचारपूस करणे आणि ती लिहून ठेवणे हा शाळेच्याच कामाचा शेवटचा भाग मानला पाहिजे. कायदा याच्या अगदी जवळ येऊन थांबला आहे. २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याचे कलम १६ प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती आणि शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख ठेवायला सांगते. कलम १९ कौशल्य-प्रशिक्षण आणि स्वयंरोजगारातील प्रगतीची वेगळी आकडेवारी राखायला सांगते. पहिले शाळेच्या फाटकाशी थांबते, दुसरे प्रशिक्षण केंद्राच्या दारात सुरू होते. फाटकातून निघाला पण त्या दारापर्यंत पोहोचलाच नाही, असा मुलगा दोन्ही काठांच्या मधल्या पात्रात राहतो. ही मधली जागा तशीच राहिली, शब्द तेवढे आपण हौसेने बदलले; अपंगाचा विकलांग झाला, विकलांगाचा दिव्यांग झाला.

पहिला आक्षेप कार्यालयातून येतो: नोंदी काय कमी आहेत? मध्य प्रदेशात माणूस जन्मला की समग्र आयडी, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की यूडीआयडी क्रमांक, वर दिव्यांगांसाठीचे स्पर्श पोर्टल आणि पेन्शनची यादी. आहेत खऱ्या. पण या नोंदी शासनाने काय दिले ते सांगतात. सायकल दिली, कानाचे यंत्र दिले, महिन्याला ६०० रुपये खात्यात टाकले. त्या दिल्याने मुलाचे पुढे काय झाले, हे त्या यादीत उतरत नाही. मोठ्या सर्वेक्षणांचीही मर्यादा हीच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीने २०१८ साली दाखवले की देशातल्या पंधरा वर्षांवरील दिव्यांगांपैकी १९.३ टक्केच माध्यमिक किंवा त्यापुढे शिकलेले आहेत आणि श्रमशक्तीत २३.८ टक्केच आहेत. आकडे बोलके आहेत, पण ते कोणत्या शाळेने काय साधले ते सांगत नाहीत. २०२१-२२मध्ये शाळांमध्ये साडेबावीस लाखांच्या आसपास दिव्यांग विद्यार्थी होते आणि उच्च शिक्षणात नव्वद हजारांच्या आत. या दोन आकड्यांची वजाबाकी करून कुणी भाषण ठोकले तर ते चुकीचे ठरेल, कारण मुले वेगळी, वर्गांची संख्या वेगळी. एकच मूल इथून तिथपर्यंत कुणी पाहिलेले नसल्यामुळे आपल्याला धड वजाबाकीसुद्धा करता येत नाही.

दुसरा आक्षेप गावातून येतो: एवढीशी मुले, कोण कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. असते, पण ते सुटे सुटे ठाऊक असते. अमक्याची मुलगी घरी आहे, तमक्याचा मुलगा दुकानात बसतो, हे शेजाऱ्याला माहीत आहे. गेल्या पाच वर्षांत एका शाळेतून निघालेल्या कर्णबधिर मुलींपैकी कितीजणी पुढे शिकल्या, हे कुणीच जोडून पाहिलेले नसते, आणि शाळेने काय बदलावे ते त्या बेरजेतूनच कळते. शिवाय ही महाराष्ट्राच्या सीमेवरची माणसे आहेत. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि कॉलेज, दवाखाना, मजुरी यांसाठी पाय वळतात ते भोपाळपेक्षा कितीतरी जवळ असलेल्या नागपूरकडे. नागपूरला गेलेला मुलगा मध्य प्रदेशाच्या तक्त्यातून गळतो आणि महाराष्ट्राच्या तक्त्यात बाहेरचा म्हणून राहतो. देशभर चालणारा यूडीआयडी क्रमांक हा त्याचा सलग धागा, आणि तो धागा शाळेच्या रजिस्टरात ओवला तर उपयोगाचा. मुले थोडी आहेत हे तर माझ्याच बाजूचे म्हणणे झाले. थोड्यांना फोन करायला वेळ किती लागतो?

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि तो सहसा कुणी घेत नाही. मोजायचे काय? कॉलेज आणि पगाराची नोकरी एवढेच यश धरले, तर संत्र्याच्या बागेत वडिलांबरोबर राबणारा मुलगा बेकार ठरेल. उलट, शेतात मदत करतो या एका उत्तराला रोजगार म्हटले, तर खाटेवर बसून दिवस काढणारा मुलगाही कामावर लागल्याचे दिसेल. अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याखाली राज्यांना दरवर्षी एक निर्देशक भरावा लागतो. त्यात शाळा सोडून वर्ष झालेल्यांची विचारणा होते, आणि मधेच शाळा सोडलेलेही त्यात धरले जातात. तिथे नोकरी कशाला म्हणायचे ते बांधून दिले आहे: इतरांच्या बरोबरीने, किमान वेतनावर, आठवड्याला सरासरी २० तास, किमान ९० दिवस. या चौकटीत न बसणाऱ्यांसाठी वेगळा गट आहे आणि त्यात घरची शेती, घरचे दुकान स्पष्टपणे घेतले आहे, ९० दिवसांच्या अटीसह. म्हणजे प्रश्न सुटण्यासारखा आहे. आपल्याकडे अट थोडी वेगळी घालावी लागेल: बागेच्या उत्पन्नातला काही पैसा त्याच्या हातात पडतो का, छाटणी, तोडणी, पेटी भरणे यांतले एखादे काम त्याच्यावाचून अडते का. मुलींच्या बाबतीत हे आणखी कठीण, कारण घरकाम रोजगाराच्या गणतीत काम ठरत नाही आणि दिव्यांग मुलीवर ते पहिल्यांदा येऊन पडते.

त्या अमेरिकन पद्धतीतला दोषही सांगायला हवा. फोन लागतो तो बहुधा ज्याचे बरे चालले आहे त्याचा. नंबर बदललेला, स्थलांतर केलेला, चिडलेला मुलगा सापडत नाही, आणि टक्केवारी गोंडस दिसू लागते. म्हणून इथे टक्केवारी छापण्याची घाई नको. न सापडलेल्यांची संख्या मात्र पहिल्या ओळीत लिहावी. खासगीपणाची काळजी रास्त आहे. नाव शाळेपाशी राहावे, वर जाईल ती फक्त बेरीज, आणि सांगायचे नाही म्हणणाऱ्याला सोडून द्यावे.

नोकऱ्याच नाहीत तर मोजून काय उपयोग, हे म्हणणे ऐकायला व्यवहारी वाटते, पण मला ते आळशी वाटते. नोकऱ्या नाहीत हे तरी कशावरून ठरवले? सौंसर तालुक्यात बोरगावची औद्योगिक वसाहत आहे. आपल्या २०१६च्याच कायद्याचे कलम २२ प्रत्येक आस्थापनेला आपल्याकडच्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवायला सांगते. एकीकडे शाळेची यादी आणि दुसरीकडे ही नोंद शेजारी ठेवली, तर अडते कुठे ते दिसेल: कौशल्यात, रस्त्यात, बसमध्ये, की घरच्यांच्या भीतीत. मुले बारावीपर्यंत टिकतच नसतील, तर रोजगार मेळावे भरवण्यात अर्थ नाही, खर्च आठवीवर करायला हवा. दहावीला नापास झालेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो की तिथेच सुटतो, यावरही बरेच अवलंबून आहे.

पांढुर्णा जिल्हा ५ ऑक्टोबर २०२३ला छिंदवाड्यातून वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला जुन्या सवयी कमी असतात, म्हणून सुरुवात इथे सोपी आहे. स्कॉलर रजिस्टरमध्ये टीसीच्या तारखेपुढे एक रिकामा रकाना, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास वर्गशिक्षकाचा एक फोन. फॉर्म हिंदीत असला तरी बोलणे मराठीत व्हावे, कारण उत्तर देणारी बहुधा आई असेल. ‘आता काय करते?’ याला ‘घरीच असते’ असे उत्तर आले, की लिहून मोकळे न होता विचारावे: घरी म्हणजे काय काय करते, आणि शेवटची घराबाहेर कधी गेली होती?