महाबळेश्वर कोणाच्या विसाव्यासाठी?

थंड हवेचे ठिकाण ही कल्पना सह्याद्रीच्या मातीत उगवलेली नाही. महाबळेश्वरास माणसे पूर्वीही जात; पण ती देवदर्शनाला जात आणि कृष्णेच्या उगमाशी स्नान करून परतत. केवळ हवा खाण्यासाठी डोंगरावर मुक्काम ठोकावा, ही गरज विलायतेहून आलेल्या साहेबाची. १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला. १८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळविली व मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव दिले. वसाहतीचे नाव माल्कम पेठ. ज्या महाराजांनी डोंगर दिला त्यांनाच कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले, हा व्यवहाराचा उत्तरार्ध सहलीच्या माहितीपुस्तकांत सहसा आढळत नाही.

पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारच येथे येऊन बसू लागले. कड्यांना विल्सन, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन अशी नावे पडली. माल्कमच्या कन्येचे नावही एका टोकास मिळाले. ज्यांनी कष्ट उपसले त्यांची आठवण मात्र पुसट आहे. येथे १८३४ पासून तीस वर्षे एक तुरुंग होता. त्यात चिनी व मलायी कैदी ठेवलेले असत. त्यांनीच बटाटे आणि विलायती भाज्या पिकवून साहेबांच्या स्वयंपाकघरांना पुरविल्या. आजच्या भाजीमळ्यांची आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांची वंशावळ शोधू लागल्यास वाट त्या तुरुंगाच्या दारावरून जाते.

साहेबाच्या मायदेशी हीच हौस समुद्रकाठी फुलली होती. अठराव्या शतकात वैद्यांनी समुद्रस्नानाचे गुण गायिले, युवराज ब्रायटनला जाऊ लागला आणि कोळ्यांचे गाव उमरावांचे विश्रामधाम बनले. परंतु इतिहास तेथे थांबला नाही. १८४१ मध्ये ब्रायटनला आणि १८४६ मध्ये ब्लॅकपूलला आगगाडी पोहोचली. लँकेशायरमधील एकेका गावच्या गिरण्या वर्षातून आठवडाभर बंद राहत, आणि वर्षभर पै-पै साठवलेले गिरणी कामगार कुटुंबासह ब्लॅकपूलला लोटत. त्यांच्या गर्दीला उच्चभ्रूंनी नाके मुरडली. गर्दी हटली नाही. भरपगारी रजेचा कायदा तेथे १९३८ मध्ये आला, तोही संघटित कामगारांच्या दीर्घ मागणीनंतर. पुढे स्वस्त परदेशवाऱ्या सुरू झाल्या, ब्लॅकपूलची रया गेली, आणि आज त्या गावातील काही वस्त्या इंग्लंडमधील अत्यंत दरिद्री वस्त्यांत गणल्या जातात. केवळ पाहुण्यांवर पोट भरणाऱ्या गावाची ही गत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

महाबळेश्वरात असे स्थित्यंतर झालेच नाही. साहेब गेला, बंगल्यांचे धनी बदलले, एस. टी.ने सामान्य माणूस वर आला. पण बहुधा सकाळी येऊन सायंकाळी उतरणारा पाहुणा म्हणूनच. याचे कारण हवेत नसून मजुरीत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांतील कायम कामगार तिचा धनी आहे. त्याच कारखान्याला ऊस तोडून देणारा मजूर मात्र नाही. त्याचा न भरलेला दिवस हा बुडालेला दिवस असतो. विसावा ही चैन नसून श्रमशक्तीच्या भरपाईचा खर्च आहे, हे अर्थशास्त्राला ठाऊक आहे, पण मजुरीचे दर ठरविणाऱ्यांना नाही.

हा हिशेब आताच मांडण्याचे कारण, शासनाने हाती घेतलेला ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्प. जुने महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाले. तेथील बांधकामास लगाम बसला. म्हणून की काय, आता सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील २३५ गावांवर गिरिस्थान वसविण्याचा बेत निघाला. यांतील कित्येक गावे कोयना धरणाची झळ सोसलेली. त्यांच्या मुलांनी मुंबईत माथाडीची ओझी वाहिली. त्यांना रोजगार हवा, रस्ते हवेत, दवाखाने हवेत, हे नाकारणे शहरी ढोंग ठरेल. पण जमीन विकून त्याच जमिनीवरच्या हॉटेलात भांडी घासणे याला रोजगार म्हणायचे काय?

शिवाय प्रश्न या गावांपुरता नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तरी भोवतीच्या वाड्यांतील बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करतात. या उतारांवरचे पाणी वेण्णा-कोयनेतून कृष्णेत येते व सांगलीला पोहोचते. २०१९ मध्ये सांगली शहर महापुरात बुडाले, त्याच जिल्ह्यातील जत-आटपाडीची शिवारे दुष्काळाची धनी आहेत. माथ्यावरचे रान तुटले आणि उतार सिमेंटने झाकले, तर पाणी मुरायचे ते वाहून जाईल.

तेव्हा शासनाने आराखडा पुढे रेटण्यापूर्वी काही आकडे जनतेपुढे ठेवावेत: पाण्याची गरज किती व ते कोठून येणार, जमिनीची मालकी आज कोणाकडे आहे व गेल्या दहा वर्षांत ती किती वेळा बदलली, आणि ऊसतोड मजुराच्या चार जणांच्या कुटुंबाला चार रात्री परवडेल अशा दरात किती खाटा राहणार. ग्रामसभांपुढे हे आकडे मराठीत, छापील स्वरूपात यावेत. तोवर एकाही बांधकामास परवानगी देऊ नये.