साहेबांचा गारवा, बायकांची शाल

मैत्रिणींनो, कचेरीतल्या टेबलाच्या खणात तुम्ही काय ठेवता? बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आमच्या गटातली एक जण शाल ठेवते. बाहेर एप्रिलच्या घामाच्या धारा, आत ही शाल पांघरून फायली लावते. एसी जरा कमी करा म्हणाली, तर उत्तर मिळालं, ‘‘बायकांना सगळंच बाधतं.’’

बाधणारच! कचेरीत किती गारवा असावा याचं जगभर वापरलं जाणारं गणित १९६०च्या दशकातलं. त्यात अंगातल्या उष्णतेचा हिशेब धरला तो चाळीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या पुरुषाचा. बैठं काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत हा हिशेब ३५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, हे २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं. १९९४च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा दिल्या. खुर्ची मिळाली, रिमोट मात्र साहेबांच्या केबिनमध्येच राहिला.

प्रश्न नुसत्या हुडहुडीचा नाही. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हा सरकारच्याच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब. म्हणजे १८चे २४ केले तर एसीची जवळजवळ तिसरा हिस्सा वीज वाचेल. आणि आपली वीज मुख्यतः कोळशाची. देशाची सरासरी काढली तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपण इथे कुडकुडतो आणि तिकडे चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्या बायका राख झटकतात. कोणाच्या सोयीसाठी?

२०२०पासून खोलीचे एसी २४ अंशांवर लावूनच बाजारात येतात. कारखान्याने लावलेले २४ साहेब एका बटणाने १८ करतात. गच्चीवर सौर पॅनेल बसवलं तर फीत कापता येते. सहा अंश वाढवल्याचा फोटो कसला काढणार?

आणि काटकसरीचं परिपत्रक निघालं की आधी विझतो तो बायकांच्या संडासाकडे जाणाऱ्या बोळातला दिवा. ही बचत आम्हाला मान्य नाही. जिने पुसणारी कंत्राटी बाई जिन्याखाली डबा खाते, तिथे आधी पंखा लावा. पाळी जाण्याच्या वयात अंगाची लाही होते, तिलाही पंखा हवा. एसी बंद करा असं आम्ही म्हणतच नाही. २४च्या खाली नको आणि आकडा ठरवताना तिथे बसणाऱ्या बायकांना विचारा, एवढंच.

कोकण भवन, सिडको भवन, महापालिका मुख्यालय, जिथे तुमची मैत्रीण काम करते तिथे माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका: वर्षभराची वीजबिलं द्या, एसी किती अंशांवर चालवायचा याचा लेखी आदेश असल्यास त्याची प्रत द्या. तोवर एक साधा थर्मामीटर आणून टेबलावर ठेवा आणि रोज दुपारी दोनचा आकडा वहीत लिहा. वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या.