कौशल्यांचा आवाज आणि नायकाचे मौन

रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखले जाणारे संगणकीय खेळ हे आज कथनाचे एक मोठे दालन झाले आहे. त्यांतल्या काहींची संहिता शब्दसंख्येने भल्या जाड कादंबऱ्यांनाही मागे टाकते. तरीही साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे बहुधा करमणूक म्हणूनच पाहिले आहे. या खेळांच्या रसिकांत एक वाद बरीच वर्षे चालत आला आहे आणि तो मुळात साहित्याचाच वाद आहे. पात्रांचे संवाद पडद्यावर वाचायला द्यावेत की नटांच्या आवाजात ऐकवावेत, असा तो वाद. आवाज असावा की नसावा, यापेक्षा तो कोणाला द्यावा हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर या खेळांतल्या कौशल्य-व्यवस्थेत दडलेले आहे.

कौशल्य-व्यवस्था म्हणजे काय, हे आधी पाहू. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चारचौघांनी बसून खेळायचा हा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. त्या पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई आकड्यांत लिहायची. आणि काही अवघड करायचे झाले की फासे टाकून, त्या आकड्यांच्या मदतीने निकाल लावायचा. संगणकाने ही पद्धत उचलली. सुरुवातीला आकड्यांचा उपयोग मुख्यतः लढाईपुरता होता. पुढे काही लेखकांच्या लक्षात आले, की तलवार कोणी किती जोराने चालवावी हे जर आकडा ठरवू शकतो, तर कोणी काय बोलू शकावे हेही तो ठरवू शकेल.

१९९७ सालचा 'फॉलआउट' हे याचे ठळक उदाहरण. त्यात पात्राचे सात मूळ गुण आणि अठरा कौशल्ये आहेत. बुद्धीचा आकडा चारपेक्षा कमी ठेवला, तर नायकाला धड वाक्यच बोलता येत नाही. तो हुंकार देतो, तुटक शब्द उच्चारतो, आणि समोरची माणसे त्याच्याशी तसेच वागतात. १९९८ च्या 'फॉलआउट २'मध्ये लेखकांनी या कल्पनेवर सुंदर कुरघोडी केली. क्लॅमथ गावात टॉर नावाचा एक मंदबुद्धी गुराखी भेटतो. हुशार नायकाला त्याचे बोलणे बोबडे आणि अर्धवट वाटते. मात्र नायकही तितकाच मंद असेल, तर दोघांमध्ये अत्यंत सुसंस्कृत, प्रौढ भाषेत संभाषण होते. एका आकड्याने येथे निवेदनाचा दृष्टिकोनच पालटला आहे. कादंबरीत जे काम लेखक निवेदक बदलून करतो, ते येथे कौशल्याच्या खात्याने केले.

तेव्हा चांगल्या भूमिकाप्रधान खेळात कौशल्य हे बक्षिसाचे गुण नसून व्यक्तिचित्रणाचे साधन असते. कोणते वाक्य पात्राच्या मनात येऊ शकते आणि कोणते येऊच शकत नाही, याची ती सीमा असते. २०१० च्या 'फॉलआउट : न्यू व्हेगस'मध्ये एखाद्या विषयातले कौशल्य अपुरे असले, तरी त्या विषयावर बोलण्याचा पर्याय दिसतो, पण तेच म्हणणे अडखळत, अडाणीपणे लिहिलेले असते. कौशल्य वाढले की त्याच जागी जाणकाराचे वाक्य येते. माणूस आणि त्याची भाषा यांचे नाते इतक्या थेटपणे दाखवणारे तंत्र छापील साहित्यातही सहज सापडत नाही.

१९९९ चा 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' याच्याही पुढे गेला. ख्रिस अव्हेलोन हे त्याचे प्रमुख रचनाकार. त्याची संहिता सुमारे आठ लाख शब्दांची असल्याचे सांगितले जाते. स्मृती गमावलेला, मरण न येणारा एक अनामिक नायक आपल्या मागच्या आयुष्यांचा शोध घेतो. येथे शहाणपणाचा आकडा जितका मोठा, तितक्या अधिक आठवणी जाग्या होतात. आणि शेवटचा सामना शस्त्र न उचलता, केवळ बोलून संपवता येतो. या खेळात नटांचे आवाज आहेत, पण अगदी थोडे. पात्राचे एखादे वाक्य ऐकू येते, त्याचा पोत कानात बसतो आणि पुढची पाने वाचक त्याच आवाजात मनात वाचतो.

या सगळ्याला एक साधा व्यावहारिक आधार होता. लिहिलेले वाक्य स्वस्त असते. शंभरातल्या पाचच खेळाडूंना दिसेल असे वाक्य लिहिणे लेखकाला परवडते. ध्वनिमुद्रित करणे निर्मात्याला जड जाते. २००४ च्या 'व्हँपायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स'मध्ये मॅल्केव्हियन या वेडसर कुळातले पात्र निवडले, तर नायकाचे जवळजवळ सारे संवाद वेगळ्या, भ्रमिष्ट आणि भविष्यसूचक भाषेत येतात. इतर पात्रे या खेळात नटांच्या आवाजात बोलतात. नायक मात्र मूक आहे, आणि तो मूक आहे म्हणूनच त्याची सगळी भाषा दुसऱ्यांदा लिहिता आली.

आवाज सर्वत्र आला तेव्हा काय झाले, हे बेथेस्डा या एकाच संस्थेच्या खेळांवरून पाहता येते. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये सत्तावीस कौशल्ये होती, आणि अभिवादनासारखी मोजकी वाक्ये सोडली तर संभाषण वाचायचे होते. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये सर्व संवाद मुद्रित झाले. पॅट्रिक स्टुअर्टसारखा थोर नट सम्राटाच्या भूमिकेसाठी आला. पण शेकडो सामान्य नागरिक मूठभर नटांनी वाटून घेतले. भीक मागताना एका खरखरीत आवाजात बोलणारा भिकारी बातमी विचारल्यावर अचानक दुसऱ्याच, सभ्य आवाजात उत्तर देतो. कौशल्ये सत्तावीसची एकवीस झाली. वक्तृत्वाच्या कौशल्याचे रूपांतर तर एका चार पाकळ्यांच्या चकतीत झाले. स्तुती, बढाई, विनोद आणि धमकी यांच्या पाकळ्या फिरवायच्या आणि समोरच्याचे मन वळवायचे. वक्तृत्वातून भाषाच वजा झाली.

तेथेही निदान नायक मूक होता. २००७ च्या 'मास इफेक्ट'ने नायकालाच आवाज दिला आणि पडद्यावर पूर्ण वाक्याऐवजी त्याचा दोन-चार शब्दांचा सारांश ठेवला. निवडले एक आणि नायक बोलला भलतेच, ही तक्रार तेव्हापासूनची. २०१५ च्या 'फॉलआउट ४'ने तीच वाट धरली. स्त्री आणि पुरुष नायकासाठी प्रत्येकी सुमारे तेरा हजार ओळी मुद्रित झाल्या. प्रत्येक संभाषणात बहुतांशी चारच पर्याय राहिले, आणि जुनी कौशल्य-सूची रद्द होऊन तिची जागा विशेष क्षमतांच्या तक्त्याने घेतली. ज्या मालिकेत मंदबुद्धी नायकाचे हुंकारसुद्धा स्वतंत्रपणे लिहिले गेले होते, तिथे आता प्रत्येक नायक एकाच सुरात, एकाच हुशारीने बोलू लागला. नटांनी काम चोख केले. मात्र खेळाडूने कागदावर जो माणूस घडवला होता, त्याला आपल्या तोंडाने बोलायला जागा उरली नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा पैशाचा प्रश्न आहे. खर्च परवडला तर अडचण मिटेल. मला तसे वाटत नाही. आपल्या काव्यशास्त्रात काकू ही संज्ञा आहे. उच्चारातल्या सुराने वाक्याचा अर्थ पालटतो. काकुवक्रोक्ती शिकवताना आपण वर्गात नेमके हेच दाखवतो. "तू येशील" हे वाक्य आश्वासन, आज्ञा, शंका किंवा टोमणा असे काहीही असू शकते. लिखित वाक्यात या शक्यता एकत्र नांदतात. नट ते उच्चारतो तेव्हा त्यांतली एक निवडतो. वाचिक अभिनयाचे कामच ते आहे. दुसऱ्या पात्राच्या बाबतीत ही निवड आपल्याला आनंद देते, कारण तो माणूस आपल्याहून वेगळा आहे. पण नायकाचे वाक्य मी निवडत असतो तेव्हा त्याचा सूर ठरवणे हाच माझ्या भूमिकेचा गाभा असतो. तो सूर आधीच ठरवून टाकला, तर मी नटाचा प्रेक्षक होतो.

याला एक रास्त अपवाद आहे. २०१५ च्याच 'द विचर ३'मध्ये गेराल्टला डग कॉकल यांचा आवाज आहे आणि तो उत्तम वठला आहे. मात्र गेराल्ट हा पोलिश लेखक आंद्रझेय सापकोव्स्की यांच्या कथांतून आलेला, पूर्ण घडलेला माणूस आहे. खेळाडू त्याला घडवत नाही, त्याच्या आयुष्यातले निर्णय घेतो. जिथे पात्र लेखकाचे आहे तिथे आवाजही लेखकाने द्यावा. जिथे पात्र आकड्यांनी खेळाडू घडवतो, तिथली गोष्ट वेगळी.

मग अशा खेळात आवाजाला स्थानच नाही काय? या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर एस्टोनियातून आलेल्या लेखक-कलावंतांच्या गटाने दिले. त्यांचा 'डिस्को एलिझियम' २०१९ साली आला. त्याचे प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्झ हे मुळात कादंबरीकार. स्मृती हरवलेला एक दारुडा पोलीस अधिकारी खुनाचा तपास करतो. त्याच्या चोवीस कौशल्यांना येथे स्वतःची वाणी आहे. एन्सायक्लोपीडिया नावाचे कौशल्य नको तेव्हा नको ती माहिती देते. ड्रामा नायकाला महाराज मानून नाटकी भाषेत सल्ला देते. इलेक्ट्रोकेमिस्ट्री पुन्हा बाटलीकडे ओढते, तर शिव्हर्समधून अख्खे शहर बोलते. आकडा वाढवला की ते कौशल्य अधिक बोलू लागते; पण अधिक बोलणारा नेहमी खरे बोलतोच असे नाही. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस'पासून (१९४२) मराठी कादंबरीला परिचित असलेला संज्ञाप्रवाह येथे एका अखंड ओघाऐवजी चोवीस जणांच्या कलकलाटाच्या रूपात भेटतो.

२०२१ मध्ये या खेळाची 'द फायनल कट' ही आवृत्ती आली आणि सुमारे दहा लाख शब्दांच्या संहितेला आवाज मिळाला. येथे दोन निर्णय घेतले गेले आणि दोन्ही वाङ्मयीन समज दाखवणारे आहेत. पहिला, चोवीसही कौशल्ये लेन्व्हल ब्राउन या एकाच कलावंताच्या आवाजात आहेत. 'बटाट्याची चाळ' एकटे पु. ल. उभी करत तेव्हा अनेक माणसे दिसत, पण त्यांना धरून ठेवणारा आवाज एकच असे. त्याच रीतीने हे चोवीस स्वभाव एकाच डोक्यातले आहेत, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा. नायकाची निवडलेली वाक्ये मूकच ठेवली आहेत. त्याच्या मनातली गर्दी ऐकू येते, समोरची माणसे ऐकू येतात, आणि त्यांच्या मधोमध एक निःशब्द जागा आहे. तिथे खेळाडू आपल्या सुरात बोलतो.

२०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्येही संभाषणात नायक मूक आहे. अमीलिया टायलर यांच्या आवाजातली निवेदिका त्याला काय जाणवले ते द्वितीय पुरुषात सांगते, आणि वीस बाजूंचा फासा डोळ्यांदेखत पडतो. त्याच वर्षी बेथेस्डाने 'स्टारफिल्ड'मध्ये अडीच लाखांहून अधिक ओळी मुद्रित केल्या, पण नायकाला पुन्हा मूक केले. म्हणजे आवाजाचे प्रमाण वाढत गेले तरी मौनाची जागा काहींनी जाणीवपूर्वक राखली.

हा मुद्दा आज अधिक निकडीचा झाला आहे. अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलावंतांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये खेळांच्या क्षेत्रात संप पुकारला. आपल्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल हा त्यातला कळीचा प्रश्न होता, आणि २०२५ मध्ये करार होऊन तो मिटला. यंत्र जर कोणतेही वाक्य फुकटात उच्चारू शकले, तर प्रत्येक दुर्मीळ फाटाही बोलका करता येईल, असे आता सांगितले जाते. तसे झाल्यास खर्चाची सबब संपेल. काकूचा आक्षेप मात्र संपणार नाही. उलट तो दुहेरी होईल. लेन्व्हल ब्राउन यांनी एका ओळीसाठी निवडलेल्या सुरामागे त्या चोवीस स्वभावांची समज होती. यंत्राने उमटवलेला सरासरी सूर ती समजही आणणार नाही, आणि वाचकाला त्याची स्वतःची शक्यताही ठेवणार नाही. शिवाय ज्यांच्या गळ्यातून तो सूर उचलला, त्या कलावंतांच्या पोटाचा प्रश्न आहेच.

दृष्टी अधू असलेल्यांना, वाचन कठीण जाणाऱ्यांना मुद्रित आवाज हा मोठा आधार असतो, आणि त्यांच्यासाठी नायकाची वाक्येही ऐकवण्याची सोय असलीच पाहिजे. ती मागितल्यावर मिळणारी सोय असावी, सर्वांवर लादलेली रचना नसावी.

साहित्याच्या शिक्षकांना या वादात बोलण्याचा अधिकार आहे, कारण निवेदक कोण, बोलते कोण आणि न बोललेले कोणाचे, हे प्रश्न आपण रोज हाताळतो. कौशल्ये म्हणजे पात्राच्या मनाची रचना. तिला आवाज मिळाला तर खेळ समृद्ध होतो. त्या रचनेतून शेवटी कोणते वाक्य कोणत्या सुरात बाहेर पडावे, हे मात्र वाचकाकडेच राहिले पाहिजे.